चारशे एकावं नाव

‘तुमच्या मॅस्सावरून एखादी वस्तू गेली, की मला कळलं पाहिजे,’ एवढीच त्या ब्राझीलच्या माणसाची मागणी होती. माणूस सभ्य. पत्राच्या शेवटी त्याने आभार मानले होते, तेही आगाऊ, म्हणजे काम करणं मला भागच होतं. पुढे जे घडलं त्याला रामायण म्हणायला हवं, पण लंकेत राहून तो शब्द जरा जपून वापरावा लागतो.

मॅस्सा म्हणजे आमच्याकडे चुलीच्या वर टांगलेली फळी. आमसुलासारखी आंबट गोरका, सुकी मासळी, मिठाचं मडकं, जे रोज लागतं ते हाताशी असावं म्हणून तिच्यावर ठेवतात. जागा संपली की घरातली बाई जे बरेच दिवस लागलं नाही ते उचलून कोठारात नेऊन ठेवते. वीस वर्षांपूर्वी मोरटुवात कॉलेजजवळ अतुल राणवक आणि मी एका खोलीत राहत होतो. तिथल्या घरमालकिणीची मॅस्सा बघून आम्हाला वाटलं, कम्प्युटरलाही अशी एक फळी हवी. मग दोघांनी मिळून जावा या कम्प्युटरच्या भाषेत ती लिहिली. धंद्याच्या भाषेत हिला कॅशिंग लायब्ररी म्हणतात. पैशाशी तिचा काडीइतका संबंध नाही, हे माझ्या सासरच्यांना मी अजून समजावतो आहे. आमची मॅस्सा फुकट आहे, कोणीही घ्यावी आणि वापरावी, आणि जगात निदान सत्तर-ऐंशी लोक ती वापरत असावेत. हा आकडा कोणी खोडून काढलेला नाही.

तर ब्राझीलकराला हवा होता लिसनर. फळीवर काही आलं, फळीवरून काही गेलं, की लगेच हाक मारून सांगणारा. चार दिवसांचं काम. अडचण एकच होती. मॅस्सात बदल करायचा तर दोघांचं मत लागतं, हा नियम आम्ही त्या खोलीत एका काळ्या चहावर केला होता. होकार असेल तर ‘अधिक एक’ लिहायचं, नकार असेल तर ‘उणे एक’, आणि उणे एक लिहिणाऱ्याने कारण दिलंच पाहिजे. मुदत बहात्तर तास. उत्तर आलं नाही तर बदल रद्द.

आणि अतुलचं उत्तर चार वर्षं आलेलं नव्हतं.

भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, भांडण मिटवता तरी येतं. तो मेलबर्नला गेला, आधी आठवड्याला पत्र यायचं, मग महिन्याला, मग माझ्या एका पत्राला उत्तर आलं नाही, मग मीही मानी माणूस, दुसरं पाठवलं नाही. दोघं एकाच खोलीत असताना हा माणूस माझी एकेक ओळ वाचून ‘मचांग, ही तुझी आई वाचेल का?’ म्हणायचा. (मचांग म्हणजे गड्या.) माझी आई कम्प्युटर वाचत नव्हती, पण मुद्दा कळायचा. खरं सांगायचं तर ब्राझीलकराचं पत्र वाचून मला लिसनरचा आनंद झाला नाही. आता अतुलला काही तरी विचारावं लागेल, याचा झाला. तेवढंच मनाशी ठरवलं, की या वेळीही उत्तर नाही आलं, तर फाइलच्या माथ्यावर जी आमची दोन नावं आहेत त्यातलं एक काढून टाकायचं आणि प्रकरण संपवायचं.

बायकोला, म्हणजे तुषारीला, मी हे सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते.

“फोन करा ना त्याला,” ती म्हणाली.

“फोन करून काय सांगू?”

“आठवण येते म्हणून सांगा.”

“असं कोणी सांगतं का? त्यापेक्षा लिसनर लिहिणं सोपं.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि वह्या तपासायला घेतल्या.

लिहिलेली गोष्ट कुठे तरी चालवून बघायला हवी. माझ्या हाताशी एकच जागा होती, आमच्या पिलियंदलच्या गल्ल्यांची मरणाधार समिती. घरात कोणी गेलं की मंडप, खुर्च्या, चहाची मोठी भांडी, रस्त्याला बांधायची पांढरी निशाणं, सगळं समिती बघते. तिची सभासदांची यादी मी दहा वर्षांपूर्वी कम्प्युटरवर घालून दिली आहे, अर्थात खाली मॅस्सा आहेच. चिटणीस दहनायक महत्तया, म्हणजे दहनायक साहेब, हे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी आयुष्यात कुठलाही कागद आवक-जावक नोंदीशिवाय हलू दिलेला नाही. नवं नाव आलं की सगळ्या सभासदांच्या फोनवर आपोआप संदेश जाईल, असं म्हटल्यावर ते म्हणाले, “चांगलं आहे. अर्ज द्या.”

मी माझ्याच फुकट कामासाठी तीन प्रतींत अर्ज दिला.

पहिल्या प्रयोगात एक बारीक गफलत झाली. फळीवर काही आलं की लिसनरने त्याची नोंद एका वहीत करायची, असं मी लिहिलं होतं, आणि ती वही ठेवली त्याच फळीवर. आता नोंद झाली की ती फळीवर आली. ती आली म्हणून तिची नोंद झाली. ती नोंद फळीवर आली. हे थांबवायला मला वीस मिनिटं लागली आणि तेवढ्यात ‘नवीन नोंद झाली आहे’ असे नऊशे चाळीस संदेश गेले. नशिबाने चाचणीसाठी एकट्या दहनायकांचाच नंबर घातलेला होता. दुसऱ्या दिवशी ते घरी आले. दोनशे चौदा संदेश त्यांनी आवक वहीत चढवले होते.

“बाकीचे आज संध्याकाळी चढवीन,” ते म्हणाले. “पण मिस्टर गमलत, यांना उत्तरं काय द्यायची?”

यानंतर संदेशाचा मजकूर ठरवायला उपसमिती नेमण्यात आली. मी म्हणत होतो, ‘नोंद आली’ आणि ‘नोंद गेली’ एवढं पुरे. उपसमितीला ते फार कोरडं वाटलं. समितीच्या वहीतून नाव फक्त एकाच कारणाने कमी होतं, गाव सोडून गेलेल्यांचंही होत नाही. तेव्हा दोन बैठका आणि एक बशीभर तळलेले कोकिस संपल्यावर मजकूर ठरला: ‘समितीच्या वहीतून श्री./श्रीमती अमुक यांचे नाव कमी झाले आहे. सर्व सभासदांनी नेहमीप्रमाणे कर्तव्यास हजर राहावे.’ मी तो तसाच्या तसा घातला, आणि परदेशी गेलेल्यांसकट सगळ्या सभासदांचे नंबरही. फळीवर चारशे नावं मावतात, आणि सभासद तेव्हा बरोब्बर चारशे होते, हे मला ठाऊक होतं. म्हणजे लक्षात होतं असं नाही, ठाऊक होतं.

दुसऱ्या बैठकीला अतुलची आई बाहेर पडवीत बसून होती. सोमा नँदा (नँदा म्हणजे आत्या) सत्त्याहत्तर वर्षांच्या, आमच्या पलीकडच्या गल्लीत एकट्या राहतात. दर महिन्याला त्या दहनायकांकडे येतात आणि विचारतात, “आमच्या अतुलचं नाव आहे ना अजून?” दहनायक कम्प्युटर उघडून दाखवतात. त्या पडद्यावरच्या नावाकडे नीट बघतात आणि घरी जातात.

“तुला लिहितो का रे तो?” त्यांनी मला विचारलं.

“लिहितो की,” मी म्हणालो. ही माझी चार वर्षांतली नेहमीची थाप.

“मग तुला माझ्यापेक्षा जास्त लिहितो,” त्या म्हणाल्या.

मत मागवण्याचं पत्र पाठवायच्या दिवशी शेजारच्या मल्कांती अक्का आमच्या कुंपणापाशी सणाच्या गोड केवुमचं पीठ चाळत उभ्या होत्या. नवं वर्ष तीन दिवसांवर आलं होतं आणि त्यांच्या कमरेला पंचांगाचा कागद खोचलेला होता. जन्मात कम्प्युटरला हात न लावलेल्या या बाईंचा सल्ला मी घेतला, हे मी कबूल करतो. माणूस वाट बघायला लागला की पंचांगापर्यंत पोचतोच.

“उपुल मल्ली, आज सव्वाचारला पाठव. पश्चिमेकडे तोंड करून.” (मल्ली म्हणजे धाकटा भाऊ.)

“मेलबर्न पूर्वेला आहे, अक्का.”

“मग खुर्ची फिरव. मला काय विचारतोस?”

मी सव्वाचारला पाठवलं. म्हणजे मुदत संपणार नव्या वर्षाच्या दिवशी सव्वाचारला. पहिला दिवस गेला, काही नाही. दुसरा गेला. ब्राझीलकराने अधिक एक पाठवलं, ते नियमात धरत नाहीत. मी ऑफिसात दर दहा मिनिटांनी ईमेलची डबी उघडून बघत होतो. आमच्या विमा कंपनीत लोक नव्या वर्षाच्या रजेच्या गडबडीत होते, माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

नव्या वर्षाच्या सकाळी सातला नोनगतय सुरू झालं. जुनं वर्ष सरलेलं आणि नवं नीटसं लागलेलं नाही, अशा त्या वेळेत काम करायचं नाही, खायचं नाही, चूल पेटवायची नाही. देवळात जायचं आणि गप्प बसायचं. दुपारी दोन बावन्नला चूल, चार वाजून सहा मिनिटांनी गनु-दनु, म्हणजे वर्षाचं पहिलं घेणं-देणं, आणि मग जेवण. सातला पाच कमी असताना तुषारीने माझा फोन, तिचा फोन आणि इंटरनेटचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं.

“सव्वाचारला मुदत आहे गं.”

“चार सहाला कपाट उघडेन. नऊ मिनिटं पुरतात. अधिक एक लिहायला किती वेळ लागतो?”

अधिक एक लिहायला चार वर्षंही पुरत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही. पांढरे कपडे घालून आम्ही देवळात गेलो. तिथे मी जे मागितलं ते बुद्धाकडे मागू नये असं म्हणतात. इच्छाच सोडा, असं सांगणाऱ्याकडे मी एक उत्तर मागत बसलो होतो.

इकडे सातला दोन कमी असताना दहनायक महत्तयांना आठवलं, की गल्लीत आलेल्या नव्या भाडेकरूंचं नाव चढवायचं राहिलं आहे. जुन्या वर्षाचं काम नव्या वर्षात नेणं त्यांना पसंत नाही. त्यांनी ते चढवलं. ते चारशे एकावं नाव. फळी भरलेली. मॅस्साने तिच्या स्वभावाप्रमाणे जे नाव सगळ्यात जास्त दिवसांत कोणी बघितलं नव्हतं ते उचललं आणि कोठारात नेऊन ठेवलं. वहीतून काही गेलं नव्हतं, नुसतं फळीवरून खाली गेलं होतं. पण खाली ठेवणं आणि काढून टाकणं यांत फरक करायला लिसनरला मी शिकवलंच नव्हतं. त्याने निष्ठेने चारशे एक लोकांना संदेश पाठवला.

आम्ही बाराच्या सुमाराला देवळातून परतलो तर गल्लीच्या तोंडापासून पांढरी निशाणं. तुषारी म्हणाली, “अरेरे, सणाच्या दिवशी.” आमच्याच घराच्या बाजूला मंडपाचे बांबू पडलेले. मी समितीचा जुना सभासद आहे, कर्तव्य मला कळतं. मी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि टेम्पोतून खुर्च्या उतरवायला लागलो. आठ-आठ खुर्च्यांचे तीन गठ्ठे वाहिल्यावर टेम्पोवाल्याला विचारलं, “कोण गेलं?”

“कोणी गमलत म्हणून होते,” तो म्हणाला. “कम्प्युटरचं काही करायचे. फारसं कोणाला माहीत नव्हते.”

माझ्या हातात चौथा गठ्ठा होता. तो खाली ठेवावा की वर, हे मला सुचेना.

मल्कांती अक्का फाटकातून रडत बाहेर आल्या, मला बघितलं, आणि रडायच्या थांबल्या. मग पुन्हा रडायला लागल्या, या वेळी रागाने. “सकाळपासून उपाशी मी रडतेय! घराला कुलूप, फोन बंद! आम्ही म्हटलं, इस्पितळातून आणायला गेले!” मयताच्या घरी शेजाऱ्यांनी भात शिजवून आणायचा असतो, पण आज कोणाचीच चूल पेटायची नव्हती. म्हणून लोक हात हलवत आले होते आणि त्याबद्दल माझी माफी मागत होते. साठ-सत्तर माणसं मंडपात बसली होती. मी जिवंत असल्याचं कळल्यावर त्यांना उठून जायचं संकट पडलं, कारण घरी जाऊन करायचं तरी काय? कामाला बंदी. बसूनच राहिली. निशाणं सोडावीत तर तेही कामच, म्हणून तीही राहिली.

दहनायक वही घेऊन आले. मी त्यांना फळी आणि कोठार समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे तुम्ही हयात आहात,” ते म्हणाले.

“दिसतोय ना समोर?”

“दिसण्याचा प्रश्न नाही. संदेश माझ्या जावक वहीत चढला आहे. तो फिरवायचा तर ग्राम निलधारी अधिकाऱ्यांचा हयातीचा दाखला लागेल. ते गावाला गेलेत, सोमवारी येतील.” मग जरा मऊ होऊन म्हणाले, “तोवर काळजी घ्या.”

मला मरणाचं काही वाटलं नाही. टोचलं ते वेगळंच. चारशे नावांत सगळ्यात जास्त दिवस कोणी न बघितलेलं नाव माझं होतं. जे गाव सोडून दोहाला गेले, रोमला गेले, त्यांचीही नावं कोणी ना कोणी बघत होतं. मी इथेच, पन्नास पावलांवर राहतो, म्हणून माझं नाव बघायची कोणाला गरजच पडली नव्हती. आणि अतुलचं नाव? ते दर महिन्याला बघितलं जात होतं. ते फळीवर सगळ्यात पुढे असणार.

सोमा नँदा माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. पांढरी साडी, हातात कोमेजलेली फुलं, ती माझ्यासाठीच आणलेली. त्यांनी ती मला दिली, आता काय करायचं त्यांचं.

“मला वाटलं तू गेलास,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, आता अतुलची खबर मला कोण देणार?”

मग मी त्यांना खरं सांगितलं. चार वर्षं एक ओळही आली नाही म्हणून.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “पण तू सांगायचास ते ऐकायला बरं वाटायचं.”

अडीच वाजले तशी मंडपात चुळबुळ सुरू झाली. दोन बावन्नला ज्याची त्याची चूल पेटली पाहिजे, निळे कपडे, दक्षिणेकडे तोंड. पाच मिनिटांत सगळा शोक पांगला. आमच्या घरची चूल तुषारीने पेटवली, दूध उतू गेलं, बाहेर फटाके वाजले. मी फाटकातून रिकाम्या खुर्च्या बघत उभा होतो. कोण कोण आलं ते मनात मोजत होतो, आणि मोजताना मला कळलं की मी फक्त एकच माणूस शोधतो आहे, आणि तो येणं शक्य नव्हतं.

चार वाजून सहा मिनिटांनी तुषारीने विड्याचं पान माझ्या हातात दिलं, मी तिला दिलं. मग तिने कपाट उघडलं. फोन चालू केला आणि तो हातातच वाजायला लागला. नंबर मेलबर्नचा. मला तो घेता येईना. तुषारीने घेतला.

“वहिनी,” पलीकडून आवाज आला, इतका मोठा की मलाही ऐकू येत होता. “सकाळपासून सव्वीस फोन केले. मी तिकीट बघतोय. कसं झालं? तो काही बोलला का?”

“त्यालाच विचारा,” असं म्हणून तिने फोन माझ्या कानाला लावला.

“मचांग,” मी म्हणालो.

मग अतुलने मला ज्या शिव्या दिल्या त्या वर्षाच्या पहिल्या देवघेवीत धरायच्या की नाही, हे पंचांगात दिलेलं नाही. शिव्या संपल्यावर तो रडला. मीही रडलो, ते सांगायला लाज कसली.

“चार वर्षं,” मी म्हणालो.

“तुझ्या त्या पत्राचं उत्तर राहिलं रे. मग उशीर झाला म्हणून लाज वाटली. मग लाजेला उशीर झाला. रोज वाटायचं, आज लिहू.”

“आईला फोन कर आधी. ती पलीकडच्याच गल्लीत आहे, मी पान घेऊन जातोय तिच्याकडे.”

“करतो. आणि उपुल, तो संदेश पाठवणारा लिसनर तू लिहिलास?”

“मीच.”

“वाटलंच,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी सोमा नँदांकडे पोचलो तेव्हा त्यांचा फोन वाजत होता. त्यांनी उचलला आणि मला हाताने ‘बस’ म्हणून खुणावलं. मी पान हातात धरून दारातच उभा राहिलो. त्या नुसत्या ऐकत होत्या.

घरी येऊन डबी उघडली तर चार वाजून चौदा मिनिटांनी, मुदतीला एक मिनिट असताना, मॅस्साच्या यादीवर मत आलेलं होतं.

‘उणे एक. कारण: काढून टाकल्यावर सांगतोस. ऐकणाऱ्याला त्याचा काय उपयोग? तो नुसता रडेल. काढायच्या आधी सांग, म्हणजे थांबवता येईल. पुन्हा लिही. मी वाचीन.’

ब्राझीलकराने हळहळ व्यक्त केली आहे. निशाणं दुसऱ्या दिवशी निघाली. हयातीच्या दाखल्यासाठी मी त्या सोमवारपासून खेपा घालतो आहे, आणि दर महिन्याला सोमा नँदा आता दहनायकांना दोन नावं दाखवायला सांगतात. नवा मसुदा मी परवा पाठवला. काढायच्या आधी सांगतो, खाली ठेवणं आणि काढून टाकणं वेगळं ओळखतो, सगळं जागच्या जागी आहे. फक्त सव्विसाव्या ओळीत एक चूक मी मुद्दाम राहू दिली आहे. अतुलच्या नजरेतून ती सुटायची नाही.